जुन्या फॉन्टवरून ओळखलेला वाचक

घरातल्या साऱ्या गोष्टी मी चव्हाट्यावर मांडत आलो — ही एक सोडून. ही बायकोलाही ठाऊक नाही.

माझी एक वेबसाइट आहे. घराण्याचे किस्से लिहितो. वाचणारे नातेवाईकच, तेही आपलं नाव आलं का बघायला. शंकर नगरच्या ऑफिसात दुकानांच्या वेबसाइट बनवतो, म्हणून येणारा ओळखायची एक छुपी सोय मी माझ्याही साइटमध्ये घालून ठेवली. कुकी नव्हे — त्या खुणा वाचणाऱ्याच्याच मशीनवर राहतात, पुसता येतात. स्क्रीन केवढी, मशीन कोणतं, त्यात फॉन्ट कोणते — एवढं जुळवलं की झालं. समोरच्याकडे काही ठेवलेलंच नाही, तर तो पुसणार काय?

बीरगांवचा माझा थोरला भाऊ, दादा, माझ्याशी बोलत नव्हता. आईच्या तेरवीला मी त्याच्या रडण्याची नक्कल केली होती — लोकांना हसवायला, दुसरं काय. तुझं लिहिलेलं या जन्मात वाचणार नाही, म्हणाला.

आणि रोज संध्याकाळी एक वाचक यायचा. कुकी पुसून, इनकॉग्निटोतून, म्हणजे मागे माग न ठेवणाऱ्या खिडकीतून. त्याच्या कम्प्युटरवर एक मराठी फॉन्ट होता, आता कुणी वापरत नाही असा. तो दादाच्या कम्प्युटरवर मीच टाकला होता. आईवरचा लेख तो पुन्हा पुन्हा उघडायचा.

किती बरं वाटायचं मला — मग गप्प नसतं बसता आलं?

एका लग्नात, जेवणाच्या रांगेत दादा कुणाला तरी म्हणाला, "मी नाही वाचत बा त्याचं." मी मागेच, ताट घेऊन. "काहून खोटं बोलून राहिला दादा? आईवरचं तर रोज संध्याकाळी वाचतं तू."

लोक हसले. हशा मिळाला की माझं भान जातं.

दादाने माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते सोनूकडे, आपल्या पोरीकडे. त्याला वाचताना तिनेच तेवढं पाहिलं होतं. "तूच सांगितलं ना काकाले?"

"नहीं पापा, मैंने किसी को नहीं बताया."

"आता खोटं तरी नको बोलू."

सोनू माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. पण मग दादाच्या घरात मी कुठून डोकावतो, तेही सांगावं लागलं असतं — मी जिलेबी वाढून घेतली.

तो वाचक पुन्हा आला नाही. वहिनी सांगते, पोरगी खोलीत आली की दादा मोबाइल पालथा ठेवतो.

मागच्या दिवाळीला सोनूने मला बाजूला घेतलं. "काका, सच में, मेरे मुँह से निकल गया था क्या?"

मी म्हटलं, "हव बेटा. निघून गेलं असेल."