खारट औषध, अळणी जेवण

त्या दिवसांत माझा देवावर विश्वास होता की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. भीतीवर मात्र पुरा विश्वास होता. ठाण्यात टेंभी नाक्यापाशी आमचे घर. भर दुपारी, काही कारण नसताना, छातीत कोणी ढोल बडवावा तसे होई, हातपाय गार पडत आणि आपण आत्ता मरणार असे वाटे. मरण येत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पत्रके वाचून वाढलेला, पुढे पत्रके लिहू लागलेला. सरकारला, सावकाराला, कोणालाच न भिणारा म्हणून मित्रांत मिरवणारा, आणि घरात दाराची कडी वाजली तरी कापणारा.

वैद्यांची ब्राह्मी झाली, जटामांसीचा काढा झाला. शेवटी मामांनी सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ब्रोमाइड नावाचे औषध दिले. पाण्यासारखे स्वच्छ, चवीला खारट, बाटलीवर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी. ते पोटात जाऊ लागले आणि छातीतला ढोल थांबला. कित्येक महिन्यांनी मी गाढ झोपलो. त्या औषधाची निंदा माझ्याकडून कधी होणार नाही.

पण त्याच सुमारास मी मीठ सोडले होते. आमच्या खाडीवर मीठ पिकते, आणि जो ते पिकवतो त्याला त्यातले चिमूटभर घरी न्यायचे तर शिपायाचा धाक. गरिबाच्या भाकरीवर कर बसवणाऱ्या सरकारचे मीठ मी खाणार नाही, अशी आम्ही मित्रांनी शपथ घेतली. मित्रांची शपथ लवकरच विरघळली. माझी टिकली, आणि ती टिकली याचा मला मोठा ताठा होता.

अळणी आमटी वाढताना आई कुरकुरायची. "औषध तर खारटच पितोस ना? मग माझ्या आमटीनं काय घोडं मारलंय?"

"औषधावर सरकारचा कर नाही," मी म्हणायचो.

"मग आमटीत औषधच ओतते!"

हळूहळू माझे काहीतरी बिघडू लागले. जीभ जड झाली, तोंडावर फोड उठले, चालताना भिंतीचा आधार लागू लागला. लिहायला बसलो की वाक्य सुरू होई आणि कोठे निघालो होतो तेच विसरून जाई. एकदा आईला हाक मारायची होती आणि 'आई' हा शब्दच सापडेना. दुखणे वाढले असे समजून डॉक्टरांनी मात्रा वाढवली, आणि मी आणखी खोल बुडालो. अखेर एक दिवस ओटीवर मामा आईला म्हणाले, "ताई, आता मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यावाचून मार्ग नाही. सोमवारी मी रजा काढतो." आई आत जाऊन माझे कपडे बोचक्यात बांधू लागली. त्यावरून मला कळले की तिनेही आशा सोडली आहे.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता तळ्याकाठच्या महादेवाच्या देवळात गेलो. कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. एकही स्तोत्र डोक्यात उरले नव्हते. पिंडीपुढे बसून एवढेच म्हणालो, "माझ्याच्याने आता होत नाही. तू घे." बाहेर पडलो तो घराकडे न वळता खाडीकडे वळलो. का, ते ठाऊक नाही. त्या अवस्थेत घरचा रस्ता मी चुकत असे, हेही खरे.

मिठागराच्या बांधावर पाय अडखळले आणि बसलो तो उठवेना. समोर मीठ पिकवणारी आगरी माणसे जमली होती. हंगामातले पहिले मीठ त्या दिवशी वाफ्यांतून ओढले होते. त्यांची रीत अशी की पहिल्या राशीला हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचा, आणि सरकारी वजन होण्याआधी त्यातले थोडे मीठ भाताच्या पेजेत घालून देवाचा प्रसाद म्हणून वाटायचे. पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा तेवढा वेळ पाठ फिरवून उभा होता.

एक बाई पेजेचे भांडे घेऊन माझ्याकडे आली. "दादा, परसाद घे."

मी मान हलवली. जड जिभेने कसेबसे सांगितले की मी सरकारचे मीठ खात नाही.

ती हसायलाच लागली. मागे वळून ओरडली, "आयकलं का गो? यो दादा म्हनतो, मीठ सरकारचा!"

"सरकार कंदी आलाता चिखल तुडवाला?" मागून कोणीतरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

मग ती माझ्यापुढे उकिडवी बसली. माझ्या तोंडाकडे तिने नीट पाहिले आणि तिचे हसू मावळले. "दर्यानं दिला, उन्हानं सुकवला, देवाम्होरं ठेवला," ती हळू आवाजात म्हणाली. "घे रं. परसादाला नाय नको बोलू."

परजातीच्या हातचे अन्न मला कधीच वर्ज्य नव्हते; मीठ होते. पण नुकताच मी कोणाला तरी 'तू घे' म्हणालो होतो, आणि तो नेमके तेच मागत होता जे मी कधी दिले नसते: माझी शपथ. मी पेज प्यालो. तिने न विचारता पुन्हा ओतली.

तिच्या नवऱ्याने मला घरी आणून सोडले. संध्याकाळी मी आईला म्हणालो, "आमटीत मीठ घाल." ती बघतच राहिली. सोमवारी मामा न्यायला आले तेव्हा मी भिंत न धरता उठलो आणि स्पष्ट म्हणालो, "मामा, बसा." त्यांची पिशवी हातातच राहिली. "आणखी थोडे दिवस पाहू या," ते म्हणाले, आणि डोळे पुसत बाहेर गेले. डॉक्टरांनीही मात्रा कमी केली. शब्द एकेक करून परत आले.

पुढे मुंबईच्या एका डॉक्टरांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, जेवणात मीठ नसले तर ब्रोमाइड अंगात साठत जाते आणि विषासारखे होते. मीठ मिळाले की ते निघून जाते. "तुम्हाला मीठ खायला सांगितलं कोणी?" त्यांनी विचारले. ठाण्यात तेव्हा ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, ना डॉक्टरांना, ना मला, ना त्या बाईला. कारण कळल्याने माझे आश्चर्य ओसरले नाही.

मिठावरचा कर अन्यायाचाच आहे, आणि त्याविरुद्ध मी लिहीतच राहीन. ज्यांनी मला पेज पाजली त्यांच्यासाठी तर अधिकच. शपथाही मी अजून घेतो. फक्त घेताना मनातल्या मनात त्या महादेवाला सांगून ठेवतो: तुला मोडावीशी वाटली तर मोड, मी आड येणार नाही.