मधलीचं टेबल

मधलीला नाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. थोरला भाऊ तिच्या आधीचा, धाकटा तिच्या पाठचा, म्हणून घरात ती मधली. दुकानातही तिची जागा मधलीच. डाव्या हाताला दादाचं प्रोसेसरचं काउंटर, उजव्या हाताला छोट्याचं ग्राफिक्स कार्डांचं, आणि दोघांच्या मध्ये वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं जुनं टेबल, सोल्डरच्या चटक्यांनी काळवंडलेलं. त्या टेबलावर ती बावीस वर्षं कॉम्प्युटर जोडत होती. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली, पण टेबल काही सोडलं नाही. नवरा म्हणायचा, हिचं पहिलं लग्न टेबलाशीच झालंय, मी आपला दुसरेपणाचा.

दोघे भाऊ म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. दादाचं म्हणणं, प्रोसेसर म्हणजे मेंदू, तो दांडगा घ्या, बाकी काहीही चालतं. छोट्याचं म्हणणं, खेळ डोळ्यांनी बघायचा असतो, तेव्हा सगळा पैसा कार्डात घाला. गिऱ्हाईक ज्याच्या काउंटरला आधी टेकेल, तो त्याचं अख्खं बजेट गिळायचा, आणि उरल्यासुरल्यात मधलीनं संसार मांडायचा. ती मात्र कुणी आलं की आधी एकच विचारायची, मॉनिटर कुठला आहे? लोक चक्रावायचे. अहो, जेवायला किती माणसं आहेत ते कळल्याशिवाय कुणी तांदूळ धुतं का? मॉनिटर साधा असेल तर भलंमोठं कार्ड घेऊन करायचं काय, नाकापेक्षा मोती जड.

आता गंमत अशी, की दादाला वाटायचं दुकान आपण एकटेच ओढतो. छोट्यालाही अगदी हेच वाटायचं. बोलणं बंद झालं. निरोप मधलीमार्फत जायला लागले, तेही चार हातांवरच्या माणसाला. शेवटी दादानं फर्मान काढलं: मध्ये भिंत घालायची, दोन दुकानं करायची. छोट्या लगेच हो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, ते यावर. सुतारानं मोजमाप घेतलं आणि प्लायवूड आणून टाकलं. भिंतीची रेघ बरोब्बर टेबलावरून जात होती. तुझं टेबल कुठे ठेवायचं, हे मधलीला कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात कोच आले. हा माणूस तीस वर्षं टेबल टेनिस शिकवणारा. आता हॉल रिकामा पडायला लागला म्हणून तिथे गेमिंगचे कॉम्प्युटर मांडणार होता. बारा मशिनं हवी होती, मधल्या बजेटची. आधी नमुन्याला एक द्या, मी स्वतः खेळून बघतो, म्हणाले. दादानं आपल्या पद्धतीचं दिलं. मेंदू जबरदस्त, कार्ड अगदी किरकोळ. खेळ चित्रं पालटल्यासारखा टप्प्याटप्प्यानं सरकायचा. मग छोट्यानं दिलं. खेळ असा काही सुरू झाला की कोच खूश, आणि विसाव्या मिनिटाला मशीन फट्‌कन बंद. कार्ड विजेला एवढं खादाड आणि ती पुरवणारा पॉवर सप्लाय सगळ्यांत स्वस्तातला! दादा म्हणाला हॉलची वीज खराब, छोट्या म्हणाला खेळच जुना. नाचता येईना, अंगण वाकडं. कोच दोन्ही मशिनं दुकानात परत टाकून दुसऱ्या दुकानाकडे निघाले.

मधलीनं त्यांना दारातच गाठलं आणि दोन दिवस मागून घेतले. मग ती भावांकडे वळली.

"माझं मशीन त्यांना पसंत पडलं, तर भिंत नाही. नाही पडलं, तर टेबल मीच उचलते. कुणी काही सांगायला नको."

दोघांनी माना डोलावल्या. सुताराला परवाचं सांगितलं होतंच.

ती आधी हॉल बघून आली. मॉनिटर घेऊन ठेवलेले होते, साधेच. खोली उकाड्याची, खिडक्या उंचावर. झालं, तिला सगळं कळलं. दादाकडून तिनं मधल्या फळीतला प्रोसेसर घेतला. तो वरचा पुढे करत होता, तिनं परत सारला. छोट्याकडून त्या मॉनिटरला पुरेल एवढंच कार्ड. वाचलेल्या पैशांत रॅमची एक पट्टी घ्यायच्या ऐवजी सारख्या दोन घेतल्या, पॉवर सप्लाय दमदार घेतला, आणि कॅबिनेट समोरून जाळीचं, वारं खेळतं राहील असं. चकाकणाऱ्या दिव्यांना फाटा दिला. ही माझी बावीस वर्षांची पुण्याई, असं ती मनात म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. तिला तिळमात्र शंका नव्हती.

ठरल्या दिवशी तिघं भावंडं मशीन घेऊन हॉलवर गेली. मधलीनं सगळं लावलं, कोच बसले, खेळ सुरू झाला, आणि अडखळायला लागला. दादाच्या मशीनपेक्षाही वाईट. कोचनी भुवई वर केली. छोट्या दाराबाहेर बघायला लागला. जोडणीत चूक नव्हती, मधली शपथेवर सांगू शकत होती, आणि तरी समोर ते चित्र धक्के खात होतं. तिच्या डोळ्यांपुढे टेबल आलं, उचलून दाराशी ठेवलेलं.

दादा मशीनच्या मागे उभा होता. तो वाकला. कान लावून ऐकलं. प्रोसेसरचा पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता आणि कार्डाचे पंखे गप्प होते. आपल्या मालाचा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. आता गप्प बसला असता, तर भिंत त्याचीच होती. एक शब्दही खोटा बोलावा लागला नसता.

"मधले," तो म्हणाला, "माझा प्रोसेसर एकटाच राबतोय. वायर चुकीच्या जागी लावलीस. छोट्याचं कार्ड नुसतं बसून आहे."

मधलीनं मागे हात घातला. खरंच, मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, ती तिनं घाईत मदरबोर्डाला लावली होती. ही चूक करणाऱ्या गिऱ्हाइकांना ती बावीस वर्षं हसत आली होती! तिनं वायर बदलली. कार्डाचे पंखे फिरायला लागले, प्रोसेसरचा आरडाओरडा उतरला, आणि खेळ लोण्यासारखा वाहायला लागला. छोट्या दारापासून हलला आणि दादाच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघं मिळून त्या मशीनचा आवाज ऐकत होते.

कोच दोन तास उठले नाहीत. पहिला गेम कुणीही जिंकतं, मी पाचवा बघतो, एवढंच म्हणाले. उठले तेव्हा त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवून पाहिला, तापलेलं नव्हतं, आणि उरलेली अकरा याच जोडणीची सांगितली.

दुकानात परतले तर सुतार टेप घेऊन उभाच. भिंत कुठून धरू, त्यानं विचारलं.

"भिंत नाही," दादा म्हणाला. "त्याच प्लायनं टेबल लांब कर. अकरा मशिनं जोडायची आहेत."

कुठल्या बाजूला वाढवू, यावर दोघांची लगेच जुंपली. दादा म्हणे माझ्या बाजूला, छोट्या म्हणे माझ्या. कित्येक महिन्यांनी ते एकमेकांशी थेट भांडत होते, मधलीमार्फत नाही. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते. तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुताराच्या हातातली टेप घेतली.

"दोन्हीकडून सारखं वाढवा," ती म्हणाली, आणि टेपचं एक टोक दादाच्या हातात दिलं, दुसरं छोट्याच्या.