साहेबांची बैठक

युद्धाच्या दिवसांत मी नागपुरात, लष्कराला सामान पुरवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करत होतो. इंजिनिअरिंग शिकताना वाटायचं, आपण इंजिनं काढू, गेलाबाजार एखादा पंप तरी. वाट्याला काय आलं, तर लढाईवर जाणाऱ्या गोऱ्या साहेबलोकांसाठी घडीचा संडास. उघडला की खुर्ची, मिटला की पेटी, आणि ती खेचराच्या पाठीवर बांधता आली पाहिजे. वर आमच्याकडून शपथ लिहून घेतली, की इथं काय बनतं ते बाहेर बोलायचं नाही. अरे, पण बोलणार कोण होतं?

मी बोलत नव्हतो, म्हणून माझी आत्या बोलायची. मी तिच्याकडेच राहत होतो आणि माझं लग्न जमवायचं तिनं मनावर घेतलं होतं. सक्करदऱ्याची एक मुलगी आम्ही पाहून आलो होतो. मला ती इतकी आवडली, की ड्रॉइंग बोर्डावर सरळ रेघ ओढवेना. आणि आत्या मुलीच्या वडिलांना परस्पर सांगून आली, "आमचा पोरगा तोफा बनवून राहिला, बाप्पा. आपल्याले सांगत नाही, पण तोफाच."

मुलीचे वडील शाळामास्तर. खादी, चरखा, अहिंसा, सगळं एकदम कडक. त्यांचा निरोप आला, माणसं मारायची यंत्रं करणाऱ्याच्या घरात मुलगी देणार नाही. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. आत्यावर मी असा भडकलो, की शेजारीपाजारी डोकावले.

"तोफ नाही, तर मंग काय बनवून राहिला गा तू?" ती म्हणाली.

काय सांगणार, कपाळ?

रविवारी मी सायकल काढली आणि एकटाच सक्करदऱ्याला गेलो. मास्तर ओसरीवर सूत कातत बसले होते. नकार दिला होता तरी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीची बशी पुढे आली. आतल्या दाराआड कोणीतरी उभं होतं, आणि ते कोण हे मला पक्कं ठाऊक होतं.

"गुरुजी, मी तोफा बनवत नाही."

"मग काय बनवता?"

शपथ होती, आणि शपथेहून मोठी लाज होती. "बैठक," मी कसंबसं म्हणालो.

"कोणाची बैठक?"

"साहेबलोकांची."

चरखा थांबला. "युद्धाची?"

"नाही. सकाळची."

"रोज असते?"

"पोट ठीक असलं तर."

मास्तर विचारात पडले. "अन् त्या बैठकीत तुम्ही काय करून राहिले?"

"मी कशाला जातो तिथं?" आता मीच वैतागलो. "लाकडाची बैठक, गुरुजी. मधे भोक, खाली डबा."

दाराआड हसू फुटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वाटलं, संपलं, आता सायकल उचलावी. मास्तर मात्र हसले नाहीत.

"त्यानं माणसाले इजा नाही ना होत?"

"छे हो. फक्त चाचणीच्या वेळी आमच्या सगळ्यांत वजनदार साहेबाला बसवलं, तेव्हा बिजागरी सरकली. त्याला चिमटा बसला." मी घाईघाईनं पुढे म्हणालो, "पण ते आता दुरुस्त केलं आहे."

मास्तरांनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली, चरखा बाजूला केला आणि माझ्याजवळ सरकले. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "जोरात बसला?"

"त्या दिवशी साहेब उभ्यानं जेवला."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे तेवढे हलत होते. मग उपरण्यानं डोळे पुसून त्यांनी बायकोला हाक मारली, "अवं, साखर आण." साखरेची वाटी माझ्यासमोर आली, मी वाकून पाया पडलो, तेव्हा पाठीवर हात ठेवून ते हळूच म्हणाले,

"दुरुस्त काहून केलं पण?"