एका नराचं वर्णन

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात काचेची एक छोटी नळी आहे. तिच्यावर लाल लेबल आणि आत अल्कोहोलमध्ये एक काजवा. गेल्या वर्षी शहराबाहेर, आनेकलजवळच्या एका तळ्याकाठी मी त्याला पकडलं, तेव्हा तो नेहमीचाच वाटला होता. काजव्यांची जात ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या घडणीवरून. मायक्रोस्कोपखाली त्याच्या पोटाचं टोक सोडवून पाहिलं, तर ती घडण ओळखीच्या कुठल्याच जातीशी जुळेना. काजवा नवा होता.

नवा जीव सापडला की आम्ही पेढे वाटत सुटतो, असं लोकांना वाटतं. माझी मात्र झोप उडाली. यंदा तळ्यावर पुन्हा गेले, तर एका अंगाला घरांच्या प्लॉटांचा लेआउट पडलेला, आणि रस्त्याच्या नव्या दिव्यांचा पांढराफटक उजेड पार पाण्यापर्यंत. अशा उजेडात काजव्यांना एकमेकांचे दिवे दिसत नाहीत, आणि दिसले नाहीत तर नर-मादी भेटत नाहीत. मोसम संपत आला तरी एकही दिसला नव्हता. रोज मी त्या नराच्या मिशांचं, पंखांच्या कडांचं वर्णन लिहायची आणि रोज तोच विचार यायचा: हा शेवटचा असेल तर? शेवटचा मीच नळीत घातला असेल तर? जे. पी. नगरच्या आमच्या घरात जेवताना कुणी काही विचारलं की मी उगाच खेकसायची.

माझे वरिष्ठ सहकारी निपाणीकडचे. घरी मराठी, बाहेर कन्नड; प्रयोगशाळेत सगळ्यांचे अण्णा. ते म्हणाले, "इतकं काय घाबरतीस? स्वल्प धीर धर. मादी मिळाली की वर्णन पुरं होतंय बघ."

काजवे शोधायची आमची एक पद्धत आहे. टॉर्चवर हिरवा कागद लावायचा आणि त्यांच्यासारखं लुकलुकायचं. हा नर उडताना दोनदा चमकायचा. मादी गवतात बसून, जरा थांबून, एकदाच उत्तर देत असावी, असा जवळच्या जातींवरून आमचा अंदाज होता. एका संध्याकाळी तळ्यावर जाऊन मी बांधावर नर झाले. अण्णा पलीकडे मादी होऊन बसले, एखादा नर फिरकलाच तर त्याला बोलवायला.

अंधारून आलं. दोनदा चमकले. काही नाही. पुन्हा चमकले, आणि समोरच्या लव्हाळ्यातून, जरा थांबून, एक हिरवा ठिपका उजळला. मी श्वास रोखला. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चिखलात रुतत, विचारत, उत्तर घेत मी पुढे सरकले. लव्हाळी बाजूला केली, तर समोर अण्णा उकिडवे बसलेले, हातात टॉर्च, चेहरा आनंदाने फुललेला. डास असह्य झाले म्हणून ते अलीकडे सरकले होते, आणि माझ्याच दिव्याला नर समजून मघापासून लाडीगोडी लावत होते.

हसू यायला हवं होतं. अण्णा हसलेही, पण ते हसू लगेच विरलं. त्या तळ्यावर काजव्यांची भाषा बोलणारे आता आम्ही दोघंच उरलो होतो की काय, असं मनात आलं. सवयीने बोट बटणावर गेलं आणि मी नुसतीच दोनदा चमकले. अण्णांचा टॉर्च बंद होता.

अण्णांच्या चपलेपाशी, गवताच्या बुडाशी, एकदा उजेड झाला.

आम्ही वाकलो. अळीसारखी, बिनपंखांची, पोट अंड्यांनी तटतटलेलं. अण्णांनी खिशातून नळी काढून झाकण उघडलं. बरोबरच होतं त्यांचं. नमुना हातात नसला तर मादीच्या वर्णनावर कुणी विश्वास ठेवत नाही.

"अण्णा, नको."

"अगं, पुढच्या वर्षी हितं गटार असणार. मग काय दाखवशील?"

"नको म्हणते ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

अण्णा "सरी, ऱ्हाऊ दे" म्हणाले आणि त्यांनी झाकण लावलं.

तिने पुन्हा उजेड केला, माझ्या दिशेने. मी विचारलं की ती उत्तर देत होती. मी टॉर्च बंद केला. ती माझ्यातच गुंतून राहिली असती, तर खरा येऊनही तिला कळला नसता. शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत आम्ही बांधावर बसून पाण्याकडे बघत होतो. कुणीच आलं नाही. ती मात्र थांबून थांबून एकटीच उजळत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्णन पुरं केलं. जागेचं नाव द्यावंच लागतं; तिथे मादी दिसल्याचं छापून आलं की इतर लोक तिच्यासाठी नळ्या घेऊन पोचतात, हे मला ठाऊक आहे. मादीच्या रकान्यात मी 'अज्ञात' असं लिहिलं. अण्णांनी ते वाचलं आणि पान उलटलं.