बिननावाची वेल

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर द्राक्षाची वेल मांडवावर चढवत नाहीत. वाऱ्यापासून जपायला ती जमिनीवरच टोपलीसारखी वळवून ठेवतात आणि घड त्या टोपलीच्या पोटात धरतात. नाशिकचे मांडव बघत वाढलेली मी त्या मळ्यात उगीचच वाकून चालत होते.

मालकीण एलेनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिथल्या अस्सल द्राक्षांची ओळख करून देत होती. हे असिर्तिको, हे आइदानी, हे काळं मांदिलारिया. कोपऱ्यातल्या एका वेलीपाशी मात्र ती नुसतीच थांबली.

"हिचं नाव?"

"सासऱ्यांना ठाऊक होतं. आम्ही कुणी विचारलंच नाही. एका वेलीची काही वाइन होत नाही. पण उपटवतही नाही. आम्ही खातो झालं."

मागच्या वर्षी दादा गेला आणि मला नलू म्हणणारं शेवटचं माणूस संपलं. आता मी सगळ्यांची मॅडम, नाहीतर काकू. आपलं नाव आपल्यापाशी असतं, असं उगाच वाटतं. ते हाक मारणाऱ्याच्या तोंडात असतं आणि त्याच्याबरोबर जातं.

"तुझं नाव विचारायचं राहिलंच," एलेनी म्हणाली.

पासपोर्टावरचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "नलू."

त्या वेलीचे दोन घड तोडून ती घराकडे गेली. मी तिथेच रेंगाळले. थोड्या वेळाने वाऱ्यावरून आवाज आला, "नलू! ये, खायला ये!"

"आले गं, आले!" मी ओरडले. चक्क मराठीत.