मामांच्या पोकळ गाठी

झाडाकडं बघून ज्याला फळ, फूल, सावली यांतलं काहीच दिसत नाही असा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्याच बायकोचा मामा निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग. येरमाळ्याच्या या मामांना बुंध्यावर आलेली गाठ तेवढी दिसते. जन्मभर त्यांनी लेथवर बाजेचे पाय आणि लाटणी कातली. साठी उलटल्यावर एकाएकी गाठींची अरुंद तोंडाची पोकळ भांडी करायला लागले. एकदा धाराशिवला लग्नाला जाताना वाटेत पाडलेला कडुलिंब दिसला, तर बस थांबवून उतरले आणि पंगती उठल्यावर पोत्यात गाठ घेऊन मांडवात हजर झाले. नवरीच्या बापानं आहेर समजून पोतं आत नेलं. ते परत मिळवायला मामा जेवढे धावले, तेवढे स्वतःच्या लग्नातही धावले नसतील.

गाठ घरी आली की पोत्यात गुंडाळून पलंगाखाली जाते. दर आठ दिवसांनी मामा ती वाण्याच्या काट्यावर ठेवून किती सुकली ते बघतात. पार वाळू मात्र देत नाहीत. ''ओलं लाकूड लबाड असतंय, वाळलेलं अडेल. अर्धं वाळलेलं तेवढं ऐकून घेतंय,'' असं सांगून माझ्याकडं बघत म्हणाले, ''जावईबी त्याच बेतात धरावा.'' अशा लाकडाचं भांडं पुढं सुकताना एका अंगाला कलतं. त्यात पाणी राहत नाही, पीठ मावत नाही. मग ठेवायचं काय, असं मी विचारलं.

''आत पोकळी ठिवायची,'' मामा म्हणाले.

''ती डोक्यात हाय तेवढी पुरं न्हाय व्हय?'' मामी चुलीपासून म्हणाल्या.

गेल्या वर्षी काचबिंदूनं मामांची नजर गेली. पोरांनी काळजीपोटी लेथचा पट्टा काढून ठेवला. मामांचं जेवण निम्म्यावर आलं. बाहेरून कातलेली आणि आतून कोरायची राहिलेली बाभळीची एक गाठ तशीच पोत्यात पडून होती. मी गेलो त्या दिवशी मामींना तिच्यावर केसाएवढी चीर दिसली. आता कोरली नाही तर ती तडकणार होती. मामींनी स्वतः पट्टा शोधून आणला.

''अगं, मला दिसत न्हाय,'' मामा म्हणाले.

''एवढ्याशा तोंडातनं आतलं कवा दिसत हुतं तुमाला? कानानंच तर कोरत हुता. बसा.''

मामा कोरू लागले. थोड्या थोड्या वेळानं लेथ थांबवायचा, मग मामींनी आत बोट घालून जाडी सांगायची. ''भाकरीएवढं हाय.'' ''आता पोळीएवढं.'' मामांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता. तेवढ्यात पटाशीचा आवाज फुसकन बदलला. लेथ थांबला. मामींनी आत बोट घातलं, ते बुडातून बाहेर आलं.

त्यांनी माझ्याकडं बघून 'सांगू नका' अशी मान हलवली. ''पापडाएवढं झालंय,'' त्या म्हणाल्या. ''लई बेस. आता हात लावू नका.'' आणि चहा टाकायला आत गेल्या.

मामांनी भांडं मांडीवर घेतलं. बुडाशी अंगठा फिरवला, तो भोकावर थांबला.

''आवाजावरनंच कळलं हुतं, जावईबापू,'' ते हळूच म्हणाले. ''तिला काय बोलू नका.''

आणि सदऱ्याच्या टोकानं ते भांडं पुसत राहिले.