खिडकीतून टाकलेला रुमाल

मित्रांनो, आज माझी लई जिरली.

निलंगा स्टँडवर लातूरची एसटी लागली. मी सहा फुटी माणूस. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, निवांत बसलो अन् कॉमिक उघडलं. त्यातला उडणारा हिरो ज्या शहराला वाचवतो, त्याच शहरावर पुढं दादागिरी करतो. मला त्याचा लई संताप येत होता.

तेवढ्यात पायाला प्लास्टर असलेल्या एक ताई समोर आल्या. "भाऊ, दारात पहिली मीच होते. तुमचा हात पुरतो म्हणून जागा तुमची व्हय?"

कॉमिक मिटलं, उठलो. लातूरपर्यंत उभाच.

आता ठरवलंय. रुमाल उद्याही टाकणार, पण ज्याला गर्दीत चढता येत न्हाई त्याच्यासाठी.

तुमचा हात कुठवर पुरतो? अन् कुणासाठी?